मच्छरदाणी एकच आहे

भिशी लागली, बावीस हजार.
त्रिशला म्हणाली, जाऊया की कुठंतरी,
नातेवाईक नसलेल्या गावाला.

असं गाव सापडणं अवघड.
तिची आत्या बेळगावात, मावशी सांगलीत,
माझा चुलतभाऊ गोव्यात बिअरच्या गोदामावर,
म्हणजे गोवा पहिल्याच दिवशी कटाप.

उद्यमनगरात, जेवणाच्या सुट्टीत,
शेजारची लेथ चालू असताना मी फोन लावतो.
वहीत चार रकाने आखलेत.
भाडं. अंतर.
अंधारायच्या आत जेवण, कांदा-बटाटा सोडून, तिच्यासाठी.
चौथ्याला नाव दिलं नाही.
त्यात लिहितो, पलीकडचा माणूस कुठं थांबला.

"किती जण?"
"दोन."
"फॅमिली?"
इथं थांबणारा मीच असतो.

दांडेलीचा मॅनेजर खूश.
"या साहेब या, मॅडमना नदीकडची खोली देतो.
नवीन लग्न का?"
माझा आवाज पहिल्यापासनं घोगरा,
आणि आमच्याकडं बायका "मी येतो"च म्हणतात.
आई म्हणते, दूध घालणारी म्हणते,
आजी तर मरतानासुद्धा "जातो आता" म्हणाली.
या गावानं मला एक क्रियापद दिलंय
लॉजच्या दारापर्यंत पोचवणारं.
दारात आधारकार्ड मागतात.

पुढच्या ठिकाणी खरं बोलून बघितलं, "आम्ही दोघी."
"मग दोन सिंगल बेड देतो ताई, एकदम सेफ.
लेडीजना डिस्काउंट पण आहे."
चांगला माणूस, असं लिहिलं.
बेड जोडून घेता येतील का,
एवढं विचारायचं राहून गेलं.

इरफान म्हणतो, बँकॉकला जावा की सरळ.
तो आणि सुहास जाऊन आलेत.
एका फोटोत दोघं एकमेकांकडं बघतायत,
कॅमेऱ्याचं भानच नाही.
तो फोटो त्रिशलानं बराच वेळ धरून ठेवला.
तिचा पासपोर्ट जयसिंगपूरला भावाच्या कपाटात आहे,
तिच्या पत्रिकेच्याच फायलीत.

संध्याकाळी रंकाळ्यावर बसतो,
मध्ये भेळेची पुडी.
आठ वर्षं या गावाच्या लेखी आम्ही मैत्रिणी.
गाव वाईट नाही. पोटभर वाढतं,
जत्रेला "तुमच्या त्या मैत्रिणीला पण आणा" म्हणतं.
फक्त मधली पुडी संपली
की दोघींनाही उठावं लागतं.

मी म्हणालो, आपल्याला समुद्र नकोच आहे खरं तर.
कडी पाहिजे, आतनं लागणारी.
ती म्हणाली, मला समुद्र पण पाहिजे.

मग मालवणच्या अलीकडं एक बाई निघाल्या, मयेकर म्हणून,
घरातल्या दोन खोल्या भाड्यानं देतात.
"शुक्रवारी येतो मी," मी म्हणालो.
त्या थांबल्या.
मी पेन उचललं.
"कोल्हापूरच्या ना गो तुम्ही?
माझी भावजय थयचीच. ती पण असांच बोलता.
म्हणजे दोघी."
"दोघी."
"बरां. कांदा नाय, लसूण नाय, साडेसहाक पान वाढतंय.
आणि आधीच सांगून ठेवतंय, डास आहेत.
मच्छरदाणी एकच आहे, मोठी.
चलात ना?"

लेथ बंद पडली होती
का मलाच ऐकू येत नव्हतं, कोण जाणे.
चालेल, म्हणालो. दोनदा म्हणालो.

"तिला कळलंय?" त्रिशलानं विचारलं.
काय माहीत.
कळलं असेल, नसेल,
पन्नाशीतली बाई भातावर लक्ष ठेवत बोलत असेल.
"घरी काय सांगायचं?"
तेही माहीत नाही अजून.
गाडी सकाळी सव्वासहाला, स्टँडवरनं.
ती आत्ताच म्हणतेय, आपली चादर घेऊया,
जुनी, निळी, धुऊन मऊ झालेली.

चौथ्या रकान्यात मी लिहिलं:
डास आहेत.